पाहुण्यांचा कोच

सकाळपासून आत्याबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून खिडकीशी, की पुन्हा आत. तेवढ्यात दूध उतू गेलं.

"आत्या, बस ना जरा," भाचा म्हणाला.

"बसायला सवड कुठंय?" त्यांनी ब्रश उचलला आणि कोचाच्या पाठीवरची कोरीव द्राक्षवेल पुन्हा झाडायला घेतली.

शिसवी कोच, जोडीला दोन खुर्च्या, सगळ्यांवर लाल मखमल. त्यांच्या थोरल्या भावानं हौसेनं आणलेला. आणल्या दिवशीच त्यानं बजावलं होतं, हा पाहुण्यांचा, घरच्यांनी बसायचं नाही. पाहुणे यायचे क्वचित. आत्याबाई मात्र केस पिकेपर्यंत त्याच्या पानापानातली धूळ काढत राहिल्या. भाऊ गेला, भाच्यानं लहान घर घेतलं, तेव्हा "विकून टाक, तिथे मावायचा नाही," हे त्याच म्हणाल्या होत्या. मग आज ही घालमेल कसली, ते त्यांचं त्यांनाही उमगेना.

घंटा वाजली. जुन्या फर्निचरचा व्यापारी हमाल घेऊन आला होता. भाचा दार उघडायला गेला आणि इकडे आत्याबाई कोचावर बसल्या. अगदी मधोमध.

भाचा थबकला. "आत्या, अगं ते न्यायला आलेत."

"न्या की. मी काय धरून ठेवलाय?" पण त्या उठल्या नाहीत.

व्यापारी मुरलेला माणूस. समोरच्या खुर्चीवर टेकत म्हणाला, "बसा आजी निवांत. कोच कुठं पळून जातोय?"

आत्याबाईंनी पाठ टेकवली, तर द्राक्षं खांद्यात रुतली. सरकल्या, तर गादीतली स्प्रिंग मांडीला टोचली. पाय जमिनीला पोचेनात.

"हा पहिल्यापासून असाच?"

"काही कोच बघायचेच असतात, आजी."

त्यांना हसू फुटलं. "तरीच मेले पाहुणे चहा संपला की उठायचे. आणि दादा म्हणायचा, तुझा चहाच वाईट."

हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी पदरानं पुसले, उठल्या आणि हमालांना म्हणाल्या, "वेलीला धक्का लावू नका."

गाडी गेली. खोली केवढी तरी मोठी वाटायला लागली. आत्याबाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"आता तरी बस," भाच्यानं स्टूल पुढे केलं.

"राहू दे. आत्ता कुठं मोकळी जागा झालीय, जरा फिरते."