पहिली ओळ

सकाळी दिवा लावल्यापासून नऊ वाजेपर्यंत माझं मौन असायचं. लेकीला मेडिकलला प्रवेश मिळाला त्या दिवशी ते धरलं, ती डॉक्टर होईपर्यंत एकही दिवस मोडायचं नाही म्हणून. तिचे बाबा हसायचे. "तुझ्या आईचं इनकमिंग चालू, आउटगोइंग बंद!"

लेक हॉस्टेलवरून नेमका त्याच वेळी फोन करायची. "मौनीबाई, तुम्ही मध्ये बोलत नाही ना, म्हणून बरं वाटतं." मी फोनवर नख वाजवायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवलीस का, हे विचारायची काही सोय नव्हती. तीच आपणहून सांगायची. पहिल्या वर्षी प्रेताच्या टेबलाशी उभी राहिली की आधी मनात आमची प्रार्थना म्हणते, मग चिमटा हातात घेते, हेही तिनेच सांगितलेलं. मला कोण अभिमान!

तिसऱ्या वर्षी फोन आखडत गेले. "झोपच लागत नाही गं." "सर म्हणतात, पेशंटला डोस लागतो, देव नाही. सगळे हसले." मी आपली एकदा नख वाजवायचे. हो गं, ऐकतेय.

त्या दिवशी साडेआठला फोन आला.

"आई, काल वॉर्डातलं एक बाळ गेलं. प्रार्थना म्हणायला गेले, तर आठवेचना. लहानपणापासूनची, आणि पहिली ओळच येत नाही. तेवढी सांग ना. पुढचं मी म्हणते."

ओठ उघडले होते माझे. पण तिची परीक्षा वीस दिवसांवर आलेली. तिच्यासाठी धरलेलं व्रत मोडलं आणि तिचंच काही वाईट झालं तर? अर्ध्या तासाचा तर प्रश्न. मी नख वाजवलं, दोनदा.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे. तुला त्रास नको."

नऊच्या ठोक्याला मी फोन लावला. उचलला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने. तिला रडण्यामुळे धड बोलता येत नव्हतं. गच्चीच्या कठड्यावरून वॉचमनने लेकीला मागे ओढलं होतं.

आता ती तिच्याच कॉलेजच्या मानसोपचार वॉर्डात आहे. दोन महिन्यांपूर्वी याच खाटांशी वही घेऊन उभी राहायची, पेशंटना प्रश्न विचारायची. डॉक्टरीणबाई म्हणतात, "वेळ लागेल. तुम्ही बोलत राहा तिच्याशी." मी बोलते. सकाळी दिवा लावत नाही, सकाळपासूनच बोलते. शेजारणीच्या सुनेचं सांगते, बाबांच्या हरवलेल्या चष्म्याचं सांगते. ती भिंतीकडे तोंड करून असते.

काल तिच्या केसांतून हात फिरवत मी विचारलं, "बाळा, पहिली ओळ सांगू?"

ती वळली नाही. पांघरुणातून तिचा हात तेवढा बाहेर आला. खाटेच्या लोखंडी दांडीवर नख वाजलं. एकदा.

मी श्वास घेतला, ओठ उघडले.

नख पुन्हा वाजलं.