सोड्याचं पाणी

"गुरपादा, हे बघ की रे. वरण लाल झालंय."

गंगम्माने पातेलं पदराने धरून पुढे केलं. गुरुपादप्पा तेव्हा ड्रमवर वाकलेला होता. उकळत्या सोड्याच्या पाण्यात एक लोखंडी खुर्ची बुडाली होती आणि तिचा जुना हिरवा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर येत होता. आकड्याने खुर्ची उचलायची ती नेमकी वेळ. त्याने पातेल्यात पाहिलं आणि आकडा हातात तसाच राहिला.

"मिरची जादा पडली असंल, अक्का."

"मिरची कुठली? डाळ, मीठ, हळद. बास. हळद टाकली अन् कुंकवावानी झालं बघ. पानी बी हाताला बुळबुळीत लागायलंय."

गंगम्माच्या परसातला आड आणि गुरुपादप्पाची शेड यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. साहेब आले, कचेऱ्या आल्या, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. पाऊस तेवढा आला नाही. नळ आठ दिवसांनी यायचा आणि खोकून जायचा. सबंध गल्लीची तहान गंगम्माच्या आडावर होती, आणि गुरुपादप्पाच्या कामालाही पाणी तिनेच देऊ केलं होतं. "रोज सा बकिटी ने," ती म्हणाली होती. "तुला बी प्वाट हाय."

लोखंडावरचा जुना रंग काढणं हा त्याचा धंदा. रंग लावणारे गावात पुष्कळ, काढणारा हा एकटा. "लावायला कुनी बी लावतंय, काढायला अक्कल लागती," असं तो येईल त्याला ऐकवायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सोड्यातून काढलेली खुर्ची धुतली की तो ओल्या हळदीची चिंधी तिच्या अंगावरून फिरवायचा. चिंधी पिवळीच राहिली तर सोडा निघाला. लाल झाली तर पुन्हा धुवायची, नाहीतर नवा रंग महिन्यात पोपडे धरतो. पंचवीस वर्षं तो हळद लाल होताना बघत आला होता. पातेल्यात काय झालंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

उरलेलं सोड्याचं पाणी तो नेहमी हातगाड्यावर घालून गावाबाहेरच्या पडक्या खदानीत टाकून यायचा. पण यंदा नव्या कचेरीसाठी तीनशे जुन्या खुर्च्या आल्या होत्या, पाठीवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेल्या. उद्घाटनाची तारीख ठरलेली, आणि नरसिंग ठेकेदार रोज येऊन डोकं खायचा. खदानीच्या एका खेपेत अर्धा दिवस मोडतो. म्हणून गुरुपादप्पाने ते पाणी शेडमागच्या काळ्या मातीत ओतायला सुरुवात केली. दुष्काळाने तिथे कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. ड्रम उलटा केला की घटकाभरात जागा कोरडी. त्याला वाटलं, बरं झालं, माती पिऊन टाकते. रंगाच्या थरांखालचं सगळं ओळखणारा माणूस, पण पायाखालची भेग कुठवर जाते हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

"अक्का, त्ये पानी कुनी पिऊ नगा," तो म्हणाला. "नासलंय. समद्यांना सांगून येतो मी."

आणि खरंच तो दारोदार हिंडला. आडावर पत्रा टाकला, पत्र्यावर दगड ठेवले. कुणाचं पोट बिघडू दिलं नाही. त्या दिवसापासून सोड्याचं पाणीही पुन्हा खदानीत जाऊ लागलं. पाणी कशाने नासलं, एवढंच त्याने सांगितलं नाही. गल्लीला कळलं असतं तर ड्रम त्याच दिवशी रस्त्यावर गेला असता. खुर्च्या संपू देत, मग सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. अर्धं खरं बोललेल्या माणसाला झोप बरी लागते, निदान पहिले काही दिवस.

पाणी नासण्याचं कारण गंगम्माने स्वतःच शोधून काढलं.

"माज्यामुळं झालं रे," चार दिवसांनी ती भिंतीपलीकडून म्हणाली. तिचा हात गळ्यातल्या लिंगावर होता. "मागल्या सोमवारी एक परगावची बाई आलती. रिकामी घागर घिऊन दारात हुबी. मी दमले होते. म्हनलं, संपलं पानी, जा. संपलं नव्हतं रे. तान्हेल्या बाईला माघारी धाडलं, त्ये बी सोमवारी. महादेव गप बसंल व्हय?"

"तसं काय नसतंय, अक्का," तो म्हणाला. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नरसिंगची फटफटी दारात वाजली आणि ते राहून गेलं. खरं सांगायचं तर फटफटीचं निमित्त झालं. ती नसती वाजली तरी तो बोलला नसता.

दुसऱ्या दिवसापासून गंगम्माने रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक रांजण मांडला. टँकर मोंढ्याजवळ थांबायचा, चांगला मैलभर लांब. बाई पासष्टीची, गुडघे गेलेले. तिथे रांगेत उभं राहून ती घागर भरायची, डोक्यावरून आणायची आणि रांजणात ओतायची. येणारा-जाणारा पाणी प्यायचा. ती उन्हात उभी राहून बघायची आणि पुन्हा निघायची. दिवसाला तीन खेपा. एकदा गुरुपादप्पाने वाटेत तिची घागर धरली.

"द्या अक्का, मी आनतो."

"नगं. माजी खेप मलाच घातली पायजे. तू आनलंस तर पुण्य तुला लागंल अन् पाप माज्याकडंच ऱ्हाईल."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. घरी बायकोने विचारलं तर तो तिच्यावरच खेकसला. खुर्च्या संपल्या. उद्घाटन झालं, हार-तुरे झाले. आता निमित्त कसलंच उरलं नव्हतं. पण आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. पाणी कशाने नासलं ही एक, आणि इतके दिवस तोंड का शिवून बसलो ही दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा जड झाली होती. उद्या सांगू म्हणता म्हणता जेठ उजाडला.

जेठातल्या एका सकाळी टँकरच्या रेटारेटीत गंगम्मा पडली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात आता पाय टेकणं अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले. जळकोटहून तिची लेक शिवकांता तिला न्यायला आली.

गाडी दारात लागली तेव्हा गुरुपादप्पा आत गेला. बाजेजवळ उकिडवा बसला आणि दम न घेता बोलला.

"अक्का, आड मी नासवला. सोड्याचं पानी मागं ओतत होतो, त्ये भेगांतून आत गेलं. सोड्यानं हळद लाल हुती. मला पयल्याच दिवशी कळलं होतं. तुमचं पाप-बिप काय न्हाई. हाय त्ये माजं हाय."

गंगम्माचे डोळे भरले आणि ती हसली.

"बघितलंस का, शिवकांता? मी सारकी रडते म्हनून माजं मन ठेवायला सोताच्या अंगावर घ्यायलाय."

"अक्का, खरं बोलायलोय! शपथ घिऊन सांगतो."

"खोटी शपथ घिऊ नगंस. सोड्याचं पानी तू खदानीत नेतूस. पंचवीस वरीस बघितलंय मी माज्या डोळ्यांनी. तुज्यासारका चोख मानूस या गल्लीत न्हाई."

त्याने शिवकांताकडे पाहिलं. तीही डोळे पुसत होती. आड तर केव्हाच कोरडा पडला होता, पाणी काढून दाखवावं म्हटलं तरी सोय नव्हती. पहिल्या दिवशी एका शब्दात झालं असतं ते काम आता शंभर शब्दांनी होत नव्हतं.

"पोरी, मामाच्या पाया पड," गंगम्मा म्हणाली. "असला शेजार नशिबानं मिळतो."

"नगं, नगं," म्हणत गुरुपादप्पा उठून मागे सरला. खोली लहान होती, दोन पावलांत त्याची पाठ भिंतीला लागली. शिवकांता पदर सावरून वाकली. तिने सोड्याने फुटलेल्या त्याच्या दोन्ही पावलांना हात लावले आणि ते आपल्या कपाळाला लावले.