वीस ठिपक्यांचा चोर

चर्चच्या कुंपणावर दारापेक्षा उंच फोटो टांगला होता आणि सगळं गोर्नोव्रेलो गाव सूर्यफुलाच्या बिया सोलत त्यापुढे उभं होतं. मेरीची चांदीने मढवलेली प्रतिमा पळवणारा चोर फोटोतून दात काढून हसत होता. पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात तो दिसला होता नखाएवढा, धुरकट. मठातल्या बंधू एवस्तातींनी प्रार्थनेच्या बळावर त्यातून भुवईचा केस न् केस बाहेर काढला होता.

"प्रत्येक फोटोत सत्य झोपलेलं असतं, लेकरांनो! मी फक्त हाक मारतो," फोटो मोठे करायच्या आपल्या यंत्रावर तीर्थ शिंपडत बंधू म्हणाले. हाकेला वीजही लागते, हे ते सांगत नसत.

लोक भुलले त्यालाही कारण होतं. माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याचा फोटो छापून भिंतीभिंतीवर डकवायची इथली रीत. लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून त्याचं डोकं कापून मोठं केलं की चेहऱ्याचे नुसते चौकोन व्हायचे. बंधूंनी वर्षभर गावातल्या मृतांचे चेहरे लख्ख करून दिले होते.

"हा आसेनच!" नगराध्यक्ष दोब्रोमीर गरजले. आसेन भटक्या रोमा लोकांच्या वस्तीत टोपल्या विणायचा. त्याची खिडकी सकाळीच फोडून झाली होती. आता दाराची पाळी होती. काहींच्या हातात दगडही आले होते.

दातांची डॉक्टर झ्लात्का पुढे झाली. "आसेनचे पुढचे दोन दात मी स्वतः काढलेत. याचे बत्तीसच्या बत्तीस कसे?"

"देवानं परत दिले असतील, डॉक्टरीणबाई," पेनाआजी म्हणाली.

"चोराला? मग मी दवाखान्याला कुलूपच लावते, आजी!"

झ्लात्काचं डोकं तडकलं होतं, पण तिने आवाज मवाळ केला. मोबाइलमधल्या एका फोटोतलं लांबचं डोकं कापून तिने बंधूंना दिलं. "याचाही चेहरा काढा. बघू तरी कोण आहे."

यंत्र घुरघुरलं. दाट केसांचा, पंचविशीतला हसरा तरुण कागदावर उतरला.

"चोराचा साथीदार! कपाळावर पाप लिहिलंय बघा!" बंधू ओरडले.

"धरा हरामखोराला!" दोब्रोमीर.

"धरा," म्हणत झ्लात्काने मूळचा पूर्ण फोटो सगळ्यांपुढे धरला. सणाचं व्यासपीठ, खांद्यावरून पट्टा, डोक्यावर काळी लोकरी टोपी. दोब्रोमीरच भाषण ठोकत होते.

कुणीतरी फिसकन हसलं. नगराध्यक्षांचा हात आपसूक टकलावर गेला.

"तुमच्या टोपीचे केस केले यंत्रानं! अहो, फोटो म्हणजे ठिपके. कॅमेऱ्याने टिपले तेवढेच. चोराच्या चेहऱ्याला जेमतेम वीस आलेत. ताणून दाराएवढे केलेत तर ठिपके मोठे होतील, एकविसावा येणार नाही. या यंत्राला लाखो अनोळखी चेहरे दाखवून ठेवलेत. मधली जागा ते त्यांच्यावरून अंदाजाने भरतं. हा चोर नाही, आसेन नाही, जगात कुणीच नाही!"

"मग माझा म्हातारा म्हणून घरात लावलाय तो कोण?" पेनाआजीने विचारलं. "सहा महिने मी कुणापुढे मेणबत्ती लावतेय?"

बंधू वायर गुंडाळायला लागले. "श्रद्धा नसेल तिथे..."

"गप्प बसा! तुमच्या अंदाजापायी आज एक माणूस मेला असता!" झ्लात्का जमावाकडे वळली. "आणि तुम्ही! कुणी मोठा फोटो दाखवला की आधी त्याच्याकडे मूळचा लहान मागा. त्यात नाक-डोळे दिसत नसतील, तर ते कुठून आले ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत हातातले दगड खाली ठेवा."