मोटारघराला थंडी वाजते

रिषभने ती गाडी आईसाठी घेतली, असं तो सगळ्या नंदुरबारला सांगत होता. रूपकंवरबाईंना हॉटेलचं ताट चालत नाही, परक्या बाथरूममध्ये गुडघे साथ देत नाहीत, कांदा-लसणाच्या वासाने डोकं उठतं. म्हणून पठ्ठ्याने सुरतेहून चाकांवरचं घरच आणलं. आत ओटा, पलंग, संडास, पाण्याची टाकी, सगळं. मुलगा असावा तर असा, असं बाजारपेठेतल्या बायका म्हणाल्या. त्याची बायको चांदनी मात्र गाडीचं बिल दोनदा वाचत होती. तिला नवरा जवळून माहीत होता.

दिवाळीपर्यंत साड्यांच्या दुकानात गर्दी, तोवर कुठे जाणं शक्यच नव्हतं. दिवाळी सरली, उकाडा गेला, हवा गोड झाली. या जिल्ह्यात माणसाने घराबाहेर पडावं असे जे काय दोन-तीन महिने असतात, ते सुरू झाले. आणि नेमकं तेव्हा रिषभने जाहीर केलं, की गाडी आता हिवाळ्यासाठी बंद करायची.

हे ज्ञान त्याला कॅनडातल्या एका दाढीवाल्याने दिलं होतं. तो दाढीवाला मोबाइलवर गुडघाभर बर्फात उभा राहून सांगायचा, की नळीतलं पाणी गोठलं की फुगतं, नळ्या फुटतात, पंप जातो आणि मग माणूस रडतो.

"तिकडे बर्फ पडतो," चांदनी म्हणाली. "आपल्याकडे डिसेंबरात दुपारी पंखा लागतो."

"पाणी कुठलंही असो, शून्याला गोठतंच. विज्ञान आहे ते."

"पण शून्य येणार कुठून?"

"काळजी आधी घ्यायची असते. शून्य आल्यावर नाही."

सासरे गौतमचंद पेपरमागून म्हणाले, "घे बाबा काळजी. भूकंपाचंही बघून टाक. नंतर धावपळ नको."

गाडी जवळच्या कोरीट गावी सुपडूच्या शेडमध्ये गेली. सुपडू जुना शेतकरी, दुकानाचं तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. शेड मोठी, मन त्याहून मोठं. रिषभने टाकी रिकामी केली, नळ्यांतलं पाणी हवेने फुंकून काढलं, बॅटरी सोडवली. मग नळ्या गोठू नयेत म्हणून मागवलेलं गुलाबी औषध त्याने कॅनमधून ओतायला घेतलं.

सुपडूने वाकून पाहिलं. "शेठ, हाई सरबत शे का?"

"गाडीला थंडी वाजू नये म्हणून आहे."

"मंग गाडीले चहा बी पाजा ना," सुपडू गंभीरपणे म्हणाला. त्याची बायको गजराबाई तोंडाला पदर लावून आत पळाली.

शेवटी रिषभने खालच्या टाकीभोवती आणि पंपाभोवती आईची जयपुरी रजई गुंडाळली, वरून ताडपत्री बांधली, आणि युद्ध जिंकल्यासारखा घरी आला. त्या रात्री रूपकंवरबाई साध्या चादरीत झोपल्या. गाडीला मात्र घाम आला असावा.

जानेवारीत एका सकाळी तो पेपर फडकवत स्वयंपाकघरात घुसला. अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या डाब गावात दव गोठलं होतं. गवतावर पांढरा थर, फोटोसकट.

"बघ! आपल्याच जिल्ह्यात! आता बोल!"

चांदनीच्या ओठांवर उत्तर तयार होतं, की डाब डोंगरात आहे आणि कोरीट तापीच्या मैदानात. पण सासूबाईंनी पेपर ओढून घेतला होता. त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरला. जन्म बाडमेरच्या वाळूतला, संसार खानदेशच्या उन्हातला.

"मला हे बघायचंय," त्या म्हणाल्या.

"आई, गाडी बंद केलीय. मार्चमध्ये उघडायची असते."

"मार्चमध्ये हे राहील?"

रिषभने मोबाइल चाळला. कॅनडावाल्याने हा प्रश्न घेतलेला नव्हता.

दुपारी सगळे कोरीटला गेले. ताडपत्री निघाली, गाडीचं दार उघडलं आणि आतून कुबट वास आला. थंडीची एक झुळूकही आत जाऊ नये म्हणून रिषभने खिडक्यांच्या फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. पण टाकीचं पाणी सोडायला उघडलेलं खालचं झाकण तो लावायला विसरला होता. पंपाची वायर कुरतडलेली होती, आणि रजईच्या घड्यांत एक उंदरीण गुलाबी पिल्लांना घेऊन पहुडली होती.

"एवढी मऊ गोधडी मन्हा घरमा बी नही शे," सुपडू म्हणाला. "उंदीर काय, मी बी जाईसन झोपी जातू."

"बाहेर फेका ते," रिषभ ओरडला.

"फेकणार?" रूपकंवरबाईंनी फक्त एवढंच विचारलं. जैनाच्या पोराला तेवढं पुरलं. गजराबाईने रजई पिल्लांसकट हलक्या हाताने उचलली आणि कडब्याच्या गंजीत ठेवली. उंदरीण मागोमाग गेली. रजईबद्दल नंतर कोणी विचारलं नाही.

बॅटरी लागली, इंजिन चालू झालं. पंप मेला होता, म्हणून पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. घाटात रिषभ प्रत्येक वळणावर नळ्यांबद्दल बोलत होता आणि चांदनी प्रत्येक वळणावर बाहेर बघत होती.

सकाळी डाबला गवत खरंच पांढरं होतं. गाडीच्या काचेवर बारीक साखरेसारखा थर होता. पलीकडच्या झोपडीतून फुलीबाई नावाची म्हातारी शेकोटीला काटक्या घालत ही चाकांवरची माणसं बघत होती.

"आई, उतरा ना," रिषभ म्हणाला.

"दवात जीव असतात. पाय कसा देऊ?" रूपकंवरबाई पायरीवरच बसल्या. कुठल्याही हॉटेलच्या खोलीतून त्यांना हे असं दिसलं नसतं, आणि गवतावर त्या कधीच उतरल्या नसत्या. गुडघ्यांवर शाल, पुढे पांढरं रान. डोंगरामागून ऊन आलं आणि त्या रानाला हळूहळू हिरवा रंग चढत गेला. एकदा त्यांनी कोणाला न सांगता डोळे पुसले. चांदनीने ते पाहिलं आणि त्या दिवसापुरता नवऱ्याला एक टोमणा माफ केला.

रिषभ तोवर गाडीखाली सरपटत गेला होता. बाहेर आला तेव्हा शर्टाला चिखल होता आणि चेहऱ्यावर तेज.

"एकही नळी फुटलेली नाही!"

चांदनीने टोमणा माफ करून दोन मिनिटंही झाली नव्हती. ती तरीही फक्त हसली. सूर्य चांगला वर आला, नवकारसीची, म्हणजे सूर्योदयानंतर जैनांनी तोंडात काही घालायची वेळ झाली, तेव्हा तिने गाडीतल्या ओट्यावर चहा ठेवला. पहिला कप फुलीबाईला दिला, दुसरा सासूबाईंना.

"उद्या तोरणमाळ," रूपकंवरबाई फुंकर मारत म्हणाल्या. दुकान उघडायचं होतं, हे सांगायचं धाडस कोणाला झालं नाही.