शिवलेली पोथी

हुसेनबींनी चाळीस वर्षं छापखान्यातून आलेल्या फर्म्यांच्या, म्हणजे मोठ्या छापील कागदांच्या, घड्या घातल्या होत्या. शाईनं काळी झालेली बोटं भाकरी थापतानाही काळीच असायची. आता सांगलीतल्या त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट तेवढे येतात. नात अरिबा ते झटपट शिवते आणि हुसेनबी दारापाशी बसून बघतात.

त्या दिवशी आष्ट्याच्या शालूबाई आपली पोथी न्यायला आल्या. आजेसासऱ्यांनी बोरूनं लिहिलेली ती पोथी दर श्रावणात घरात वाचली जायची. पानं सुटी, पंख्याच्या वाऱ्यानं उडायची, म्हणून शालूबाईंच्या सुनेनं हौसेनं पुस्तकासारखी शिवायला दिली होती. श्रावण उद्यावर आला होता.

अरिबानं शिलाई संपवून पोथी कटिंग मशीनखाली सरकवली होती. "कडा कापल्या की झालं, आजी," ती शालूबाईंना म्हणाली.

"आगं, आधी बघू तरी दे!" शालूबाईंनी पोथी ओढून मांडीवर घेतली, पान उलटलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही मागची अक्षरं तर खाली डोकं वर पाय! आता दर पानाला मी डोक्यावर उभं ऱ्हायचं व्हय?"

"दिली तशीच शिवली हो मी, पानांचे आकडे बघून," अरिबा गोंधळून म्हणाली.

हुसेनबी लगबगीनं उठल्या. लग्न होऊन नव्यानं आल्या तेव्हा सासऱ्यांनी बजावलं होतं, पोथीचं पान खालून वर उलटायचं असतं. लिहिणारा मागची बाजू त्याच बेतानं लिहितो; पुस्तकासारखं आडवं उलटलं की ती उलटी दिसते. पोथी आली तर बांधायचं फडकं बदलावं, वरखालच्या फळ्या बदलाव्यात, सुई लावू नये. पुढं कितीतरी वर्षं दुकानात पोथी आलीच नाही, आणि नातीला हे सांगायचं राहून गेलं. प्रोजेक्टांच्या गठ्ठ्यात ही पोथी आलेली त्यांना दिसलीच नव्हती.

ओळी अगदी कडेपर्यंत होत्या. मशीनचं ब्लेड पडलं असतं तर अक्षरंच गेली असती.

"चूक माझी हाय, शालूबाई. पोरीला काय बोलू नका. बसा, च्या घ्या."

त्यांनी चष्मा पुसला आणि ब्लेडच्या टोकानं एकेक टाका कापायला घेतला. कागद जुना, जरा ओढ बसली की फाटणारा. अरिबा सुटलेली पानं उचलून क्रमानं लावत होती. शालूबाईंचा चहा पुढ्यात निवून गेला.

एकही पान फाटलं नाही. कडेला चार-चार भोकं मात्र राहिली. हुसेनबींनी त्यांवरून बोट फिरवलं.

शालूबाईंनी एक पान उजेडात धरलं. "कान टोचलं म्हणायचं पोथीचं," त्या म्हणाल्या. "आमचं बाराव्या दिवशी टोचलं, हिचं शंभर वर्सांनी!"

हुसेनबी हसल्या आणि पोथी बांधायला बाइंडिंगचं लाल कापड शोधू लागल्या.

"आजी, पान उलटतात कसं, एकदा दाखवा ना," अरिबा शालूबाईंना म्हणाली.

शालूबाईंनी टेबलावर पोथी मांडली, चार ओळी सुरात वाचल्या आणि पान खालून वर नेलं. मागची अक्षरं सुलट समोर आली. पुढचं पान अरिबानं उलटलं.