मधल्या खणातली पेटी

"ह्याला सात बटणं आहेत, पण तुला लागणार एकच," वनमाला म्हणाली.

नंदूने मान वर केली. बोरिवलीच्या त्याच्या नव्या ब्लॉकमध्ये तो आणि त्याचा मित्र श्यामकांत जमिनीवर बसून सिंगापूरहून आलेला प्री-अँप्लिफायर खोक्यातून बाहेर काढत होते. थोरली बहीण स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

सहा वर्षं मस्कतला काढून नंदू परत आला, तेव्हा त्याने सीडी प्लेअर आणला, पॉवर अँप्लिफायर आणला आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणले. सागवानी स्टँडचा मधला खण तेवढा रिकामा राहिला. तिथे प्री-अँप बसायचा होता, म्हणजे प्लेअरमधून निघालेला आवाज हवा तेवढा करून अँप्लिफायरला पोचवणारी पेटी. ती कोणती घ्यावी यासाठी नंदूने दोन महिने लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चपला झिजवल्या होत्या. श्यामकांत एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. त्याने आपल्या ओळखीच्या एकाचा हा सिंगापूरचा नग आठवडाभर ऐकून बघायला आणला होता. अक्काला विचारावं असं नंदूच्या मनातही आलं नव्हतं.

वनमाला सतरा वर्षं मरोळच्या एका कारखान्यात होती. तिथे व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी फिरती बटणं, बनत. स्टिरिओच्या कंट्रोलमध्ये एकाच दांडीवर दोन पट्ट्या असतात, एक डाव्या स्पीकरची, एक उजव्याची. वनमालाच्या टेबलावर दोन मीटर होते. दांडी फिरवायची, दोन्ही काटे बरोबरीने चढले तर पास, एक पुढे एक मागे झाला तर नापास. दिवसाला सातशे-आठशे नग तिच्या बोटांखालून जात. त्याच बोटांवर वाकोल्याचं घर चाललं, आईचं आजारपण निघालं, नंदूचा डिप्लोमा झाला. तिच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं.

आणि तासाभरापूर्वी नंदूने श्यामकांतला ओळख करून दिली होती, "ही माझी मोठी बहीण. इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ऑफिसला असते." वनमाला तेव्हा चहा टाकायला आत गेली होती.

"अक्का, ह्यातलं तुला काय कळतंय?" नंदू हसत म्हणाला.

"तुझा प्लेअर दोन व्होल्ट देतो असं त्याच्या पुस्तकात लिहिलंय. अँप्लिफायरला एकच पुरतो, असं त्याच्या पुस्तकात. मगाशी बघितलं मी. म्हणजे तुला आवाज वाढवायचाच नाहीये, कमी करायचाय. कमी करायला वीज कशाला लागते? एक स्विच आणि एक कंट्रोल, झालं काम."

श्यामकांतने हातातलं खोकं खाली ठेवलं. "पॅसिव्ह, म्हणजे बिनविजेचा प्री-अँप म्हणताय तुम्ही. परदेशात वापरतात लोक. रेकॉर्ड प्लेअरला नाही चालायचा तो."

"ह्याच्याकडे रेकॉर्डी कुठे आहेत?"

"तेही खरं. पण ताई, त्या पेटीत दुसरं काही नसतंच. कंट्रोल जरा जरी उणा असला तरी सगळं उघडं पडतं. तसा कंट्रोल मिळायचा कुठे?"

"बघते."

"राहू दे ना अक्का," नंदू घाईने म्हणाला. "एवढं सामान आणलंय आणि मध्ये काय पत्र्याचा डबा ठेवू?"

वनमाला म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत थांब. मग घे काय घ्यायचं ते."

सोमवारी तिने सुपरवायझर धोंडिरामला सांगितलं की एक नग विकत हवाय, गेटपास करून ठेवा. मग रोज जेवणाच्या सुट्टीत चार घास खाऊन ती टेबलावर परत येऊ लागली. नेहमीच्या तपासणीत दांडी पाव फेरा फिरल्यावर काटे जुळले की नग पास होई. त्याच्या खाली, आवाज नुकता सुरू होतो तिथे, कुणी बघत नसे. वनमाला नेमकं तिथेच बघत होती. नंदूच्या घरी आतल्या खोलीत चार महिन्यांची मुलगी झोपलेली असते आणि भिंतीपलीकडे शेजारी, हे तिला माहीत होतं. मोठ्याने गाणं लावायचं भाग्य त्या घराला वर्षानुवर्षं मिळणार नव्हतं.

शुक्रवारपर्यंत तिने तीनशेच्या वर नग फिरवले. तीन उरले. मग तिने मीटर बंद केले आणि डोळे मिटून एकेक दांडी बोटांनी फिरवली. दोन कुठेतरी किंचित खरखरले. तिसरा लोण्यासारखा फिरला.

टूलरूममधल्या हरेश्वरने अॅल्युमिनियमचा तुकडा वाकवून पेटी करून दिली. आतल्या वायरींना कथलाचे डाग तिने स्वतःच दिले. पेटीला दिवा नव्हता, नाव नव्हतं, भिंतीत खुपसायची वायरही नव्हती.

रविवारी श्यामकांत आला. "आत्ताच झोपलीय हं ती, हळू लावा," नंदूची बायको अनुपमा म्हणाली आणि आतलं दार ओढून घेतलं.

आधी सिंगापूरचा प्री-अँप लावला. एका बाईंची ठुमरी होती. आवाज खाली आणला तसा बाईंचा गळा हळूच डाव्या स्पीकरकडे सरकला. नंदूने डाव्या-उजव्याचा तोल राखणारं दुसरं बटण फिरवून तो मध्ये आणला. आवाज थोडा वाढवला, तर बाई उजवीकडे निघाल्या.

"एवढ्या हळू आवाजात थोडं होतंच असं," श्यामकांत म्हणाला.

मग नंदूने वनमालाची पेटी जोडली. चेहऱ्यावरून वाटत होतं, बहिणीचं मन मोडू नये म्हणूनच जोडतोय. "वायर हातभरच ठेव, लांब झाली तर आवाजाची धार जाते," ती म्हणाली.

ठुमरी पुन्हा सुरू झाली. तबला डावीकडे, सारंगी उजवीकडे, आणि दोन स्पीकरांच्या मध्ये, जिथे नुसती रिकामी भिंत होती, तिथे त्या बाई येऊन बसल्या. नंदूने आवाज कमी केला. बाई तिथेच. आणखी कमी केला, कुजबुजीइतका. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी श्वास घेतलेलाही ऐकू आला.

वनमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वाकोल्याच्या घरी एकाच स्पीकरचा ट्रान्झिस्टर होता. सतरा वर्षं तिने आवाज काट्यांवर पाहिला होता. दोन काटे बरोबरीने चढले की पुढे कुणाच्या तरी घरात काय होतं, ते ती आज पहिल्यांदा ऐकत होती. 

श्यामकांतने उठून स्वतः दांडी फिरवून पाहिली. वर, खाली, पुन्हा खाली. "हा कंट्रोल कुणी निवडलाय?"

नंदू म्हणाला, "हिने. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ऑफिसला नसते ही. मरोळच्या फॅक्टरीत टेस्टिंगला आहे, सतरा वर्षं. मी शिकलो तो त्या टेबलाच्या जिवावर."

"मला एक मिळेल का, ताई?"

"शोधावा लागेल," वनमाला म्हणाली. "तीनशेत एखादा निघतो. कधी, ते सांगता नाही येत."

"थांबेन मी." श्यामकांत सिंगापूरचा नग खोक्यात भरू लागला.

नंदूने भिंतीजवळची वेताची खुर्ची ओढली आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर समोर ठेवली. मग घरच्या मालवणीत म्हणाला, "अक्का, हय बस. हयसूनच बरोबर ऐकू येता."

"अरे, माका गाण्यातला काय कळणा नाय."

"बस गो तू."

ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. अनुपमाने चहाचा कप आणून तिच्या बाजूला ठेवला. त्याच्यावर साय धरली तरी वनमालाने तिकडे पाहिलं नाही.