मावशीची आसवं

तीन दिवस कोसळून पाऊस सकाळी थांबला आणि फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाडीच्या, दोन्ही कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटल्या. मोजायला बसलं तर साठ-सत्तर तरी निघाल्या असत्या. प्रवासी ओल्या रेनकोटांनिशी बोटीच्या कठड्याला चिकटले होते. सगळे खूश होते. दुःखी माणूस एकच होता, आणि माईक नेमका त्याच्या हातात होता.

इंग्वाल्ड मास्तरांनी गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर अठरा वर्षं या बोटीवर माहिती सांगितली. मास्तर खोटं बोलत नाहीत, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

बोटीवरच्या पहिल्या उन्हाळ्यात, अशाच पावसानंतर, एका जर्मन बाईंनी उजवीकडच्या धारेकडे बोट दाखवून तिचं नाव विचारलं. त्या धारेला नाव नव्हतं. दोन दिवस वाहून आटणाऱ्या पाण्याचं बारसं कोण करतो? पण भूगोलाच्या मास्तरांच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ काही निघेना. “मावशीची आसवं,” ते बोलून गेले. बाईंनी नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, कुठली मावशी? मग मास्तरांना एक मावशी उभी करावी लागली, तिचा समुद्रावर बुडालेला नियोजित वर, तिचं कड्यावर बसून रडणं. नाव सुचलं होतं त्यांच्या बोर्गहिल्ड मावशीवरून. तिने उभ्या आयुष्यात कुणासाठी टिपूस गाळलं नव्हतं.

आणि आज नकाशा खात्यातली सिल्ये नावाची तरुण मुलगी वही घेऊन बोटीवर आली होती. नव्या नकाशात गावोगावच्या डोंगर-धबधब्यांची नावं घालायची होती. नियम सोपा होता: तिथली माणसं जे नाव घेतात ते खरं. म्हणजे मास्तरांची थाप आता देशाच्या नकाशावर छापली जाणार होती, कायमची. नकाशाला मास्तर बायबलइतकंच मानत. खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मात्र सांगितल्यावर गावात तोंड कुठे दाखवायचं, ते ठरत नव्हतं.

“मास्तर, पाऊस थांबला, पण तुम्हाला अजून धारा लागल्यात,” वाफल भाजता भाजता बोटीवरचं खाणंपिणं सांभाळणारी गुन्वोर म्हणाली. “घाम पुसा. पोरगी काय तुमची परीक्षा घ्यायला नाही आली.”

कप्तान स्वेर्रेने रिवाजाप्रमाणे बोटीचं नाक थेट त्या धारेखाली नेलं आणि बांबूला टांगलेली बादली पुढे धरली. क्षणात ती भरली. गुन्वोर प्रवाशांना पेले भरभरून देऊ लागली. “घ्या, मावशीची आसवं. गोड आहेत, घाबरू नका.”

सिल्येने तोंड पुसून वही उघडली. “हे नाव जुनं आहे का हो?”

“जुनं?” स्वेर्रे हसला. “आमचे आजोबा मासेमारीला निघताना इथे टोपी काढायचे. मावशीला नमस्कार केल्याशिवाय जाळं टाकत नसत.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. स्वेर्रे तिसरीत असताना, म्हणजे हे नाव जन्मायच्या कितीतरी आधी, त्याचे आजोबा गेले होते. त्या दिवशी त्याला वर्गातून घरी पोचवायला मास्तर स्वतः गेले होते. पण स्वेर्रेच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता.

“माझी आजी तर तिला बघितल्याचं सांगायची,” गुन्वोर म्हणाली. “काळी शाल असायची म्हणे.”

आता राहवेना. मास्तरांनी माईक बंद केला आणि बारीक आवाजात म्हणाले, “हे नाव मी ठेवलंय. अठरा वर्षांपूर्वी. मी... मी थाप मारली.”

स्वेर्रे हसू दाबत म्हणाला, “मास्तर, तुम्ही? थाप? तुम्हाला ते जमणार आहे का?”

“शपथेवर सांगतो!”

“वय झालं हो,” गुन्वोर सिल्येच्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. “गेल्या आठवड्यात चष्मा डोळ्यांवर घालून चष्माच शोधत होते.”

सिल्येने मास्तरांच्या हातावर हात ठेवला. “असं खूप ठिकाणी होतं. म्हाताऱ्या माणसांना वाटायला लागतं, गोष्ट आपणच रचली.”

“अहो, मावशी माझी होती!” मास्तर जवळजवळ ओरडले. “बोर्गहिल्ड! ती कधी रडलीच नाही!”

“बोर्गहिल्ड,” सिल्ये पुटपुटली आणि भराभर लिहू लागली. “मावशीचं नाव आतापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आणि तुमचं नातंही निघालं! बरं झालं तुम्ही बोललात.”

आणखी काही सांगितलं तर तेही पुरावा होईल, हे मास्तरांना कळून चुकलं.

एवढ्यात एका प्रवाशाने शेजारच्या दुसऱ्या, जरा बारीक धारेकडे बोट दाखवलं. “आणि तिचं नाव?”

इथे तरी खरं बोलायची संधी होती. मास्तर माईक तोंडाशी नेत होते, तेवढ्यात गुन्वोर वाफल उलटवता उलटवता सहज म्हणाली, “तो? तो तिचा नवरदेव. फार पाऊस झाला तरच घराकडे फिरकतो.”

प्रवासी खो खो हसले. सिल्येने पान उलटलं.

मास्तरांचा माईक अर्ध्यावरच राहिला. हे थांबवायला हवं होतं, ताबडतोब. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या मनात एकच विचार होता: अठरा वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही?